मन शांत करणारी गोळी? अमिनो आम्लांची सप्लिमेंट घेण्याआधी शिक्षक-पालकांनी वाचावे असे काही



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालक सभा झाली. सह्या झाल्या, चहा झाला, सगळे निघाले. एक ताई मात्र दारापाशी घुटमळत होत्या. त्यांची धाकटी माझ्या वर्गात, चौथीला आहे. मला वाटलं, भागाकाराबद्दल विचारणार असतील. पण त्यांनी पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची बाटली काढली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, थोरला बारावीला आहे ना, तालुक्याला खोलीवर राहतो. त्याने ही मागवलीय ऑनलाईन. म्हणतो, याने मन शांत राहतं, झोप लागते. औषध नाही म्हणे, अमिनो ॲसिड आहे. दुधात, डाळीत असतं तेच. घेऊ द्यायला हरकत नाही ना?"

बाटलीवर ५-एचटीपी असं नाव होतं आणि एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं होतं.

मी डॉक्टर नाही. डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई आहे. पण दुधात-डाळीत असतं तेच, हे वाक्य मी याआधीही ऐकलेलं होतं, माझ्याच शाळेतल्या एका सहकारी मॅडमकडून, आणि त्यानंतर त्यांच्यावर काय वेळ आली तेही पाहिलेलं होतं. म्हणून त्या दिवशी मी "हरकत नाही" म्हणाले नाही. "बाटली दोन दिवस माझ्याकडे ठेवा, आणि तोवर त्याला घेऊ देऊ नका" एवढंच म्हणाले. मग जे वाचलं, ज्या डॉक्टरांना विचारलं, ते सगळं आज तुमच्यासाठी लिहीत आहे.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, पाचवीच्या मुलाला सांगता येईल इतकंच.

आपण शरीराला प्रथिने लागतात असे शिकवतो. प्रथिने म्हणजे लांबलचक माळ आणि अमिनो आम्ले म्हणजे त्या माळेतले मणी. मणी २० प्रकारचे. त्यातले ९ आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते जेवणातूनच यावे लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. तांदळात लायसिन नावाचा मणी कमी असतो, डाळीत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ले की एकमेकांची उणीव भरून निघते. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढताना मी हे दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो की मग मॅगीत कुठला मणी आहे!

या ९ मण्यांपैकी एक आहे ट्रिप्टोफॅन. १९०१ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी दुधातल्या प्रथिनातून तो वेगळा काढला. शरीर याच ट्रिप्टोफॅनपासून आधी ५-एचटीपी आणि मग सेरोटोनिन तयार करते. मन:स्थिती, झोप, भूक या सगळ्यांशी सेरोटोनिनचा संबंध आहे. त्याचप्रमाणे टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन बनतात. सप्लिमेंट विकणारे नेमकी हीच साखळी सांगतात. कच्चा माल जास्त घाला, पक्का माल जास्त निघेल, मन प्रसन्न होईल. ऐकायला एकदम पटतं. शेतात खत जास्त टाकलं की पीक जास्त येईल, असं पहिल्यांदा शेती करणाऱ्यालाही पटतंच.

पण शरीरात मध्ये बरेच दरवाजे आहेत.

एक उदाहरण देते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपल्या गेटवर काय होतं ते आठवा. गेट एकच, आणि पहिली ते सातवीची सगळी पोरं एकदम धावतात. पहिलीचं छोटं पोर मागे राहतं. रक्तातून मेंदूत जाताना ट्रिप्टोफॅनचं असंच होतं. त्याच दारातून ल्युसिन, टायरोसिन, फेनिलॲलॅनिन अशी इतर मोठी अमिनो आम्लेही जात असतात, आणि जेवणातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन सगळ्यात कमी, साधारण एक टक्क्याच्या आसपास. त्यामुळे दूध-डाळ खाल्ल्यावर थोडंथोडं ट्रिप्टोफॅन गर्दीतून वाट काढत आत जातं. आत गेल्यावरही सेरोटोनिन बनवण्याच्या पहिल्या पायरीवर एक विकर बसलेले आहे. ते आपल्या गतीनेच काम करते. म्हणजे जेवणातून येणाऱ्या मालावर दोन ठिकाणी हजेरी घेतली जाते.

५-एचटीपी ही दुसरी हजेरी चुकवते. ते त्या विकराच्या पुढच्या पायरीचे रसायन आहे. म्हणून ते मेंदूत जाऊन झटपट सेरोटोनिन होते. पण फक्त मेंदूतच नाही. आपल्या शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, आणि पुढच्या पायरीचे विकर तिथेही आहे. त्यामुळे ही कॅप्सूल घेणाऱ्यांना मळमळ, उलट्या, जुलाब असा त्रास होणे अगदी सामान्य आहे. आणखी एक सांगते. दुधात-डाळीत असतं ते ट्रिप्टोफॅन. ५-एचटीपी बाजारात येते ते मुख्यतः ग्रिफोनिया नावाच्या एका आफ्रिकन वेलीच्या बियांतून. म्हणजे ताईंना सांगितलेलं "दुधात असतं तेच" हे वाक्य त्या बाटलीबाबत सरळ सरळ खरं नव्हतंच.

आता प्रमाण बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागते. ६० किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. आणि बाजारातल्या ट्रिप्टोफॅनच्या एकेका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असते, दिवसाला दोन-चार घेणारे लोक आहेत. तेही एकटे, बाकीच्या १९ मण्यांशिवाय, रिकाम्या पोटी. जेवणात मीठ असतं म्हणून कोणी मूठभर मीठ खात नाही. पण पदार्थाचं नाव इंग्रजी असलं आणि बाटली पांढरी असली की आपण हा साधा विचार विसरतो.

एखाद्या अमिनो आम्लाचं प्रमाण बिघडलं तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्याच भाकरीच्या प्रदेशातलं आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, आणि मनावर परिणाम, उदासपणा, चिडचिड, पुढे भ्रम. पेलाग्रा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो आणि शरीर काही नायसिन ट्रिप्टोफॅनपासून तयार करते. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असते, म्हणून फक्त मका खाणाऱ्यांना तो होतो हे माहीत होते. पण ज्वारीत ट्रिप्टोफॅन इतके कमी नसते. मग ज्वारी खाणाऱ्यांना का? हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये असे मांडले की ज्वारीत ल्युसिन फार जास्त असते आणि ते ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या कामात अडथळा आणते. या मांडणीवर पुढे बराच वादही झाला. पण एक अमिनो आम्ल वाढले की दुसऱ्याचे गणित बदलू शकते, हा प्रश्न आपल्याकडेच, भाकरीवरून निघाला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. (कोणी ज्वारी सोडू नका हं! भाकरीसोबत डाळ, भाजी, दूध, शेंगदाणे असतील तर काळजीचं कारण नाही. माझी आई हा परिच्छेद वाचून चिडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.)

आता १९८९ ची गोष्ट. ही प्रत्येक पालकाला माहीत असावी असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत त्या काळी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या दुकानात सहज मिळत. झोप येत नाही, पाळीच्या आधी चिडचिड होते, मन उदास आहे, अशा कारणांसाठी हजारो लोक, विशेषतः बायका, त्या घेत होत्या. नैसर्गिक आहे, दुधात असतं तेच, हाच विचार. ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात तीन बायका एका विचित्र दुखण्याने आजारी पडल्या. स्नायूंमध्ये असह्य वेदना, आणि रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भयंकर वाढलेल्या. डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ताळा घातला तेव्हा लक्षात आलं की तिघीही ट्रिप्टोफॅन घेत होत्या. अल्बुकर्क जर्नल या स्थानिक वृत्तपत्राच्या बातमीदार टॅमार स्टीबर यांनी ही बातमी लावून धरली. त्यांना पुढच्या वर्षी त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. बातमी आल्यावर ठिकठिकाणचे डॉक्टर म्हणू लागले, असा रुग्ण माझ्याकडेही आहे.

११ नोव्हेंबरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना या गोळ्या घेऊ नका असा इशारा दिला, आणि १७ नोव्हेंबरला माल बाजारातून परत मागवायला सांगितले. तोवर उशीर झाला होता. एकूण १५०० हून अधिक लोक आजारी पडल्याची नोंद झाली आणि किमान ३७ जणांचा मृत्यू झाला. जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांना नसांचे आणि स्नायूंचे दुखणे वर्षानुवर्षे राहिले. या आजाराला इओसिनोफिलिया-मायाल्जिया सिंड्रोम असे नाव पडले.

शोध घेतला तेव्हा जवळपास सगळ्या रुग्णांच्या गोळ्यांचा माग एकाच उत्पादकापर्यंत गेला. जपानमधील शोवा डेन्को ही कंपनी. ट्रिप्टोफॅन दुधातून काढत नाहीत, मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून बनवतात. या कंपनीने उत्पादन वाढावे म्हणून जनुकीय बदल केलेला जिवाणूंचा नवा वाण वापरायला सुरुवात केली होती, आणि गाळण्यासाठी लागणाऱ्या कोळशाच्या भुकटीचे प्रमाणही कमी केले होते. मालात अगदी सूक्ष्म प्रमाणात काही वेगळी रसायने राहून गेली. त्यातले नेमके कोणते घातक, की अति ट्रिप्टोफॅनचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तो माल ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध होता. आपण पेपरात ९९ टक्के मिळवणाऱ्या मुलाचा सत्कार करतो. इथे उरलेल्या एका टक्क्याच्याही अंशात माणसं मेली. बाटलीवर ९९ टक्के शुद्ध असं ठळक छापलेलं पाहिलं की मला आता ते प्रमाणपत्र वाटत नाही. उरलेलं काय आहे, हा प्रश्न पडतो.

हे जुनं झालं, आता असं होत नाही, असं कोणी म्हणेल. त्या प्रमाणावर पुन्हा झालं नाही, हे खरं आहे. अमेरिकेतले आयातीचे निर्बंधही २००१ च्या सुमारास सैल झाले. पण दुसरा धोका शुद्ध मालातही तितकाच आहे, आणि तो आजचा आहे. त्यासाठी आमच्या मॅडमची गोष्ट सांगावी लागेल. त्यांनी "नाव सोडून सगळं लिहा" असं सांगितलं आहे, म्हणून लिहिते.

आमच्या मॅडम वर्गात एकदम हसतमुख. पण गेल्या वर्षी बदली, सासऱ्यांचं आजारपण, त्यात सगळी ऑनलाईन माहिती भरायची, यात त्या खचल्या. रात्री तीनला जाग यायची. एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना नैराश्यावरची गोळी सुरू केली होती. ती एसएसआरआय गटातली होती. या गटातली औषधे मेंदूत सेरोटोनिन जास्त वेळ टिकवून ठेवतात. गोळी चालू आहे हे त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. आम्हाला कोणालाच नाही. शाळेत कळलं तर काय म्हणतील, हीच भीती. शुगरची गोळी आपण डब्यासोबत सगळ्यांसमोर घेतो, मनाची गोळी मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात.

मग त्यांच्या चुलत भावाने सांगितलं, "ताई, त्या केमिकलच्या गोळ्या सोड. हे घे, नॅचरल आहे." त्यांनी जुनी सोडली नाही, पण नवीही सुरू केली. दुधात-डाळीत असतं तेच, त्याने काय होणार? आणि सर्दी-खोकला झाला म्हणून मेडिकलमधून खोकल्याचं औषधही आणलं.

चौथ्या दिवशी त्या फळ्यावर लिहीत होत्या आणि खडू धरलेला हात थरथरायला लागला. अंगाला दरदरून घाम. छाती धडधडतेय, पोट बिघडलेलं, आणि एका जागी बसवेना. मुलं म्हणाली, "बाई, तुम्हाला थंडी वाजतेय का?" आम्हाला वाटलं व्हायरल असेल. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" तर त्या म्हणाल्या, "नाही." मी शेजारीच उभी होते, म्हणून "नाही" म्हणाल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी ताप वाढला तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला आणि सगळ्या बाटल्यांची नावं वाचून दाखवली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे दवाखान्यात दाखल करायला सांगितलं. दोन दिवसांत त्या बऱ्या झाल्या. निदान होतं सेरोटोनिन सिंड्रोम.

मंडळी, हा शब्द लक्षात ठेवा. शरीरात सेरोटोनिनचं काम एकदम फार वाढलं की हे होतं. हातपाय थरथरणे, स्नायू झटके देणे किंवा ताठ होणे, घाम, जुलाब, वाढलेले ठोके, बेचैनी, गोंधळ. जास्त झाला तर ताप फार चढतो, फिट येते आणि जीवही जाऊ शकतो. एसएसआरआय गोळी आणि ५-एचटीपी म्हणजे एकाच टाकीत दोन नळ सोडून खालचा बोळा बंद करण्यासारखं. आणि तिसरा नळ होता खोकल्याचं औषध. कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, ते यात भर घालते. वेदनेवरचे ट्रामाडॉल, लिनेझोलिड नावाचे प्रतिजैविक, अर्धशिशीवरची सुमाट्रिप्टान गटातली औषधे, हीसुद्धा त्याच यादीतली.

हे काही नवीन ज्ञान नाही. एमएओआय नावाची नैराश्यावरची जुनी औषधे घेणाऱ्या रुग्णांना ट्रिप्टोफॅन दिल्यावर असाच त्रास होतो, हे १९६० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. १९८६ मध्ये फ्लुओक्सेटिन आणि ट्रिप्टोफॅन एकत्र घेतलेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे डॉक्टरांना हे साठ वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. माहीत नव्हतं ते आमच्या मॅडमना, त्यांच्या भावाला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

बाकीच्या अमिनो आम्लांबद्दल थोडक्यात. टायरोसिन एमएओआय औषधांबरोबर घेतले तर रक्तदाब धोकादायक वाढू शकतो, थायरॉईडचा आजार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि पार्किन्सनच्या लेव्होडोपा औषधाच्या शोषणात ते आडवे येते. फेनिलॲलॅनिन तर फेनिलकिटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना विषासारखे आहे. शुगर-फ्री थंड पेयांवर त्याबद्दलची सूचना बारीक अक्षरात असते, पुढच्या वेळी वाचून बघा. एसएएमई नावाचे, मेथिओनिनपासून बनणारे एक सप्लिमेंट मूडसाठी विकतात. बायपोलर आजार असलेल्या लोकांना त्याने उन्मादाचा झटका आल्याच्या नोंदी आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी यातलं काहीच पुरेसं तपासलेलं नाही. जिममधल्या पावडरींचा विषय वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

"पण मॅडम, फायदा होतो की नाही ते सांगा ना," असं त्या ताईंनी मला विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. २००२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने नैराश्यासाठी ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपी यांवर झालेले अभ्यास गोळा केले. १०८ मिळाले. पण विश्वास ठेवावा अशा दर्जाचे निघाले फक्त २, आणि त्यात मिळून रुग्ण ६४. या ६४ जणांत खोट्या गोळीपेक्षा बरा परिणाम दिसला, हेही खरं. पण तेवढ्यावर काही ठरवता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपल्या केंद्रातल्या दोन वर्गांचा निकाल पाहून अख्ख्या राज्याची गुणवत्ता ठरवता येईल का? व्हिडिओ बनवणारे मात्र फायदा झाल्याचंच तेवढं सांगतात.

आपल्याकडच्या नियमांविषयीही वाचलं. भारतात अशी सप्लिमेंट औषध म्हणून नाही, तर अन्न म्हणून येतात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे उत्पादकाकडे अन्नपदार्थ बनवण्याचा परवाना आहे, एवढंच. या गोळीने नैराश्य बरं होतं हे कोणी तपासून पाहिलं, असा त्याचा अर्थ होत नाही. २०१६ च्या नियमांनुसार अशा बाटलीवर औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ताईंच्या बाटलीवरही ती होती, पाठीमागे, वाचायला मला मोबाईलची टॉर्च लावावी लागली. समोर मोठ्या अक्षरांत प्रसन्न मनाची जाहिरात आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत औषधासाठी नाही! मुलांना आपण आकलनासाठी उतारा देतो, तसं हे लेबल एकदा घरातल्या मोठ्यांना द्यायला हवं.

आता तुमच्या घरात कोणी घेत असेल तर? ओरडू नका. ओरडलं की बाटली लपते, आणि आमच्या मॅडमच्या बाबतीत धोका लपवण्यातूनच वाढला. आणखी काय काय चालू आहे ते शांतपणे विचारा, खोकल्याचं औषध, डोकेदुखीची गोळी, आयुर्वेदिक काढे, सगळं. सगळ्या वेष्टनांचा मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर विचारतील तेव्हा शेजारी कोणी उभं असेल तर त्यांना बाहेर जायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. (मी त्या दिवशी आपणहून बाहेर जायला हवं होतं, हे मला आजही बोचतं.) थरथर, घाम, ताप, गोंधळ असं काही एकदम सुरू झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि नैराश्यावरची डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्याचाही वेगळा त्रास होतो. शंका असेल तर सप्लिमेंट थांबवा, गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत तर माझं मत स्पष्ट आहे. मूडसाठी, झोपेसाठी, एकाग्रतेसाठी अशी कुठलीही बाटली आपल्या मनाने द्यायची नाही. मुलगा सतत उदास असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, तर ती आपल्याला मिळालेली सूचना आहे. गोळी देऊन ती सूचना गप्प केली तर मूळ दुखणं आत वाढत राहतं.

जिथे मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाहीत अशा गावांसाठी एक सोय सांगते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मी हा नंबर वर्गाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवला आहे. मुलांसाठी नाही, न्यायला येणाऱ्या मोठ्यांसाठी.

त्या ताईंचं पुढे काय झालं, हे विचाराल. दोन दिवसांनी त्या मुलालाच घेऊन आल्या. उंच, अबोल पोरगा. मी बाटलीबद्दल काही बोललेच नाही, "जेवतोस काय रे खोलीवर?" एवढं विचारलं. आधी "बरंय" म्हणाला. मग हळूहळू निघालं की मेसचं जेवण महिनाभर बंद होतं, पैसे क्लासच्या फीसाठी वाचवत होता, रात्री दोनपर्यंत जागत होता आणि दोनदा घरी परत यायला निघून स्टँडवरून परत फिरला होता. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आमच्या ऑफिसमध्ये बसूनच त्या दोघांनी १४४१६ ला फोन लावला, मी दार ओढून घेतलं आणि वर्गावर गेले.

सध्या तो आठवड्यातून दोनदा घरी येतो आणि जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे जातो. बाटली माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या शिक्षण परिषदेला ती घेऊन जाणार आहे. भिंग मात्र विज्ञान पेटीतलं सोबत न्यावं लागेल.